खाडीकाठचे नगर आणि खाणीतले श्वास

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आगरी-कोळ्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर जे सुनियोजित नगर उभारले, त्याच्या वाशी-नेरुळातील प्रशस्त रस्त्यांवरून हिंडणाऱ्या पाहुण्यास, तुर्भे-दिघ्याकडे डोंगरपायथ्याशी दाटलेल्या झोपडवस्त्यांची आणि दगडखाणींतील मजुरांची वार्ताही सहसा लागत नाही. या मजुरांनी फोडलेली खडी इमारतींच्या कामी आली. धूळ त्यांच्या छातीत राहिली. दगडात सिलिकेचे प्रमाण अधिक असल्यास या धुळीने जडणारा सिलिकोसिस बरा होत नाही, शिवाय अशा फुप्फुसांत क्षयाचे फावते, आणि जेथे एका कोंदट खोलीत सारे कुटुंब निजते तेथे तो एकट्यापुरता राहत नाही.

सधन वस्तीशेजारीच गरिबांचे आयुष्य खुंटण्याचा हा प्रकार केवळ आपल्या इलाख्यातला नव्हे. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८च्या अहवालात नमूद केले, की ग्लासगोजवळच्या सधन लेन्झीत जन्मलेल्या मुलापेक्षा त्याच परिसरातील दरिद्री कॅल्टनच्या मुलाचे अपेक्षित आयुष्य २८ वर्षांनी कमी भरते. आणि हे विलायतेत, जेथे सरकारी दवाखाना सर्वांस मोफत!

आपल्याकडेही क्षयाची औषधे सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४पासून सकस आहारासाठी रुग्णास दरमहा १००० रुपये देण्याची तजवीज आहे. परंतु ज्याचा रोज बुडाला की चूल थंडावते, त्या खाणमजुराने तपासणीच्या रांगेत दिवस घालवावा कसा, याचा जाबसाल आरोग्यखात्याइतकाच मजूरखात्याकडेही मागावयास हवा.