प्रमाणपत्र, परीक्षा आणि सीलबंद बाटली



उन्हाळी सुटीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळेत किंवा वनविभागाच्या कार्यालयात दीड-दोन महिने काम करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती एक प्रमाणपत्र असते आणि मनात एक प्रश्न असतो. या प्रमाणपत्राने शासकीय सेवेचे दार उघडेल काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यावयास हवे. दार उघडणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने शासकीय सेवेत सर्व नागरिकांना समान संधी दिली आहे आणि ती खुल्या निवडीतूनच मिळू शकते. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी हे निःसंदिग्धपणे सांगितले. नियमित निवडप्रक्रियेविना तात्पुरते काम केलेल्यांना केवळ त्या कामाच्या बळावर सेवेत कायम होण्याचा हक्क नाही. आंतरवासिता, म्हणजे सध्या सर्वांच्या तोंडी असलेली इंटर्नशिप, ही तर तात्पुरत्या नोकरीच्याही अलीकडची पायरी. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात तिला श्रेयांक मिळू लागले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु श्रेयांक आणि नेमणूक यांत अंतर आहे.

मग या दीड-दोन महिन्यांचे मोल कोणते? ते समजण्यासाठी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चे कलम २१ पाहावे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने तेथल्या तेथे कारखानदारास विश्लेषणाची सूचना द्यावयाची असते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून प्रत्येक भाग खूण केलेल्या, सीलबंद पात्रात ठेवावयाचा असतो आणि त्यावर दोघांच्याही सह्या व्हावयाच्या असतात. ही पद्धत पाळली नाही, तर विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. नदी काळी झालेली सारे गाव पाहते; पण एक सही राहून गेली, तर खटल्यात तो अहवाल निरुपयोगी ठरतो. पाठ्यपुस्तकात कलम २१ वाचलेला विद्यार्थी आणि नाल्याच्या काठावर उभे राहून बाटलीला लाख लावताना पाहिलेला विद्यार्थी यांच्यातील फरक येथे आहे.

प्रयोगशाळेचीही हीच कथा. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजावयाचा, तर नमुन्यात रसायने घालून तो जागेवरच स्थिर करावा लागतो. संध्याकाळी कार्यालयात परतल्यावर हे काम करून चालत नाही. जैवरासायनिक प्राणवायू मागणीची चाचणी जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत पाच दिवस, २० अंश सेल्सिअस अशी दिलेली आढळते. आपल्याकडील प्रमाणित पद्धत तीन दिवस, २७ अंश सेल्सिअस अशी आहे. कारण उघड आहे. आपल्या नद्या उष्ण प्रदेशातून वाहतात. असे बारकावे हातांना माहीत असतील, तर पुढे मंडळाच्या क्षेत्र अधिकारी किंवा वैज्ञानिक पदासाठी लेखी परीक्षा देताना उत्तर पाठ करावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले आणि त्यातूनच पुढे पदवीच्या सर्व शाखांना हा विषय अनिवार्य झाला. तो बहुतेक महाविद्यालयांत कसा शिकवला जातो, हे श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही.

भारतीय वनसेवेकडे पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट वेळीच ध्यानात घ्यावी. संघ लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेसाठी कोणतीही पदवी चालत नाही. पदवीत पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अथवा पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांची लागते. केवळ पर्यावरणशास्त्र घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थी येथे अडखळू शकतो, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. शिवाय चालण्याची कसोटी असते. चार तासांत पुरुष उमेदवारांना २५ किलोमीटर आणि महिला उमेदवारांना १४ किलोमीटर. वनरक्षकासोबत उन्हात गस्त घातलेल्या उमेदवाराला ती फारशी अवघड वाटू नये.

हा प्रश्न केवळ उमेदवारांच्या हिताचा नाही. यंत्रणेलाही माणसांची गरज आहे. दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील प्रदूषण नियंत्रण यंत्रणांतील रिक्त पदे ३० एप्रिल २०२५ पर्यंत भरावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला होता. मुदत उलटली तरी पदे भरली गेली नव्हती आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने या सरकारांना अवमानाबद्दल जाब विचारला. एकीकडे नमुने घ्यावयास माणूस नाही आणि दुसरीकडे नमुना घेण्याची पद्धत शिकलेला पदवीधर जाहिरातीची वाट पाहत वय वाढवतो आहे. आंतरवासिता कितीही उत्तम आखली, तरी वेळेवर भरती झाल्यावाचून ही तफावत मिटणार नाही.

तोवर विभागांना एवढे सहज करता येईल. आलेल्या विद्यार्थ्याला कपाटातील जुन्या नस्त्या लावण्यास न बसवता किमान दहा दिवस क्षेत्रीय पथकाबरोबर पाठवावे, आणि त्याने लिहिलेल्या नोंदवहीवर अधिकाऱ्याने शेरा द्यावा. विद्यावेतनाचाही विचार व्हावा. विनावेतन आंतरवासिता राजधानीत घर असलेल्यालाच परवडते. नदीकाठच्या खेड्यातील, रोज ते दूषित पाणी पाहणारी मुलगी खोलीच्या भाड्यापायी घरीच राहते. मंडळांची प्रादेशिक कार्यालये आणि वनविभागाची परिक्षेत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिला त्यांपैकी जवळच्या कार्यालयात जागा आणि बसभाडे मिळाले, तरी पुढील उन्हाळ्यात ती हे काम शिकू शकेल.