डफडं, बाजा आणि काळ्या माणसांच्या तबकड्या

(नेर इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



मला भाषण येत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल उतरवणारा माणूस. कविता लिहितो, पण तेव्हा समोर कुणी बसलेलं नसतं. तुमच्यातल्या एकानं फोनवर विचारलं, विषय काय? म्हटलं, तबकड्या. तो म्हणाला, उडत्या काय? नाही बाबा, उडत्या नाही, फिरत्या. गाण्याच्या.

येताना एसटीत बाजूला एक काका बसले होते. कायले आला म्हणाले. म्हटलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यावर बोलायला. तर ते म्हणाले, "कापसाले भाव नाही अन् हा गाणे सांगून राह्यला." काकांचं खरं आहे. माझ्याकडे कापसाचा उपाय नाही. पण एक गोष्ट माझ्या छातीत अडकलेली आहे आणि ती नेरातच बोलायची होती, कारण ती नेरातच घडली.

माझा मामा बँड पार्टीत बाजा वाजवतो. आजही वाजवतो. तिथं मागं दाराशी बसलाय. मी नववीत असताना बस स्टँडवर दोस्तांसोबत उभा होतो आणि समोरून वरात आली. मामा पुढं, लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, गाल फुगलेले. त्यानं मला पाहिलं, भुवई उडवली. मी पाठ फिरवली. एक दोस्त म्हणाला, ओळखतो का रे त्याले? म्हटलं, नाही.

आता यात एक गुंता आहे तो नीट समजून घ्या. माझ्या आज्याच्या बापानं १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली आणि गावाचं डफडं वाजवणं सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं तसंच. डफडं वाजवणं ही कला नव्हती, वेठ होती. पाटलाच्या दारी हात जोडून उभं राहणं होतं. सोडलं ते बरोबरच केलं. पण त्या घरात वाजवण्याचीच लाज शिल्लक राहिली आणि ती माझ्यापर्यंत आली. वेठ कुठं संपते आणि वाजवणं कुठं सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला एका तबकडीनं सांगितलं.

मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्या ढिगानं पडलेल्या असतात. एका शुक्रवारी एक उचलली. कव्हर नव्हतं, मधल्या कागदावर नाव होतं, नीना सिमोन. तीनशे मागितले, दीडशेत दिली. माझ्याकडे वाजवायचं यंत्र नव्हतं, अजून नाही. आठ महिने ती खोलीत खिळ्याला टांगलेली होती. गाणं मोबाईलवर ऐकलं आणि तबकडीकडे पाहत बसलो. म्हणजे मी काही संग्राहक नाही हे लक्षात घ्या. ज्यांच्या घरी काचेच्या कपाटात जॅझ असतो ती माणसं वेगळी.

या बाईला पियानोवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवायचं होतं. १९५१ साली फिलाडेल्फियातल्या नावाजलेल्या संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. काळी म्हणून नाकारला, असं ती जन्मभर म्हणत राहिली. मग ती दारूच्या गुत्त्यात वाजवू लागली. १९६३ साली मिसिसिपीत मेडगर एव्हर्सला गोळी घातली, बर्मिंगहॅमला चर्चमध्ये बाँब फोडून चार पोरी मारल्या, तेव्हा तिनं एक गाणं केलं. ते १९६४ च्या तिच्या तबकडीवर आहे. चाल कशी, तर सर्कशीत वाजावी तशी टुमदार. आणि आत शिवी. समोरचे पांढरे लोक आधी हसतात, मग हसायचे थांबतात. तो थांबण्याचा आवाज तबकडीवर ऐकू येतो. मी तेवढंच दहा वेळा ऐकलं.

तिथून मागं मागं जात राहिलो. हे जॅझ आलं कुठून? न्यू ऑर्लिअन्सच्या बाजेवाल्यांकडून. लग्न, मिरवणूक, मयत. मयतीला जाताना संथ, पुरून परत येताना नाचरं. लुई आर्मस्ट्राँग तिथला, १९०१ चा जन्म. पोरवयात कोळशाच्या गाडीवर राबला, पिस्तूल उडवलं म्हणून सुधारगृहात टाकला, आणि तिथल्या बँडमध्ये बाजा शिकला. मामा, तुमच्या हातात आहे त्याच जातीचं पितळ.

आणि एक गंमत ऐका. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. वाजवणारे पाचही जण गोरे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते, हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ते निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याच शहरात काळ्यांचं संगीत गोऱ्यांच्या नावानं तबकडीवर चढलं. आपल्या लोकांच्या चाली कुणाच्या नावावर चढल्या, ते तुम्हाला सांगायला नको.

बिली हॉलिडेनं १९३९ साली झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं रेकॉर्ड केलं, ते तिच्या मोठ्या कंपनीनं घेतलं नाही म्हणून कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीकडे. मिंगसचंही बघा. आर्कान्सासचा गव्हर्नर फॉबस, त्यानं १९५७ साली नऊ काळी पोरं शाळेत शिरू नयेत म्हणून सैनिक उभे केले. मिंगसनं त्याच्यावर रचना केली. १९५९ ला कोलंबियाच्या तबकडीवर ती नुसती वाजते, शब्द नाहीत. १९६० ला कँडिड नावाच्या छोट्या कंपनीसाठी तीच रचना, शब्दांसकट, गव्हर्नरची टर उडवत. दोन्ही लागोपाठ ऐका. म्हणून म्हणतो, दुकानात पहिली दिसते ती तबकडी घेऊन थांबू नका. तिच्या मागं एक बारकी, धूळ खाल्लेली असते, बोलणं तिच्यात असतं.

त्याच कँडिडची, त्याच सालची, मॅक्स रोच या ढोलवाल्याची तबकडी आहे, 'वी इन्सिस्ट!'. कव्हरवर तीन काळी माणसं हॉटेलच्या काउंटरवर बसून तुमच्या डोळ्यात बघतात, मागं गोरा वेटर. काळ्या पोरांनी ग्रीन्सबरोच्या काउंटरवर ठाण मांडलं तेच हे साल. वेगळ्या कपातला चहा ज्यांच्या आज्यानं प्यायला त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. त्यात एक तुकडा आहे. फक्त ढोल आणि अ‍ॅबी लिंकन नावाच्या बाईचा गळा. शब्द नाहीत. मधे ती किंचाळते, किंचाळतच राहते. मी रात्रपाळी करून खोलीवर आलो आणि मोबाईलवर हे लावलं. शेजारचा सोलापूरचा गडी धडपडत उठला, म्हणाला, कोण मेलं रे? मी बंद केलं. मग कानात तार घालून परत लावलं. हे सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मयतीत बाया टाहो फोडतात ते कुणी सुंदर म्हणून ऐकतं का? पण त्या टाहोखाली ढोल हिशेबात चालतो, एक ठोका चुकत नाही. तो ढोल ऐकताना मला आमचं डफडं आठवलं. पाटलाच्या दारातलं नव्हे. त्याच्या आधीचं.

आता पँथरचं. आपल्याकडे १९७२ ला पँथर झाली, नाव ऑकलंडचं घेतलं. पण तिथले पँथर गातही होते, हे किती जणांना माहीत? पार्टीचा पेपर सॅन फ्रान्सिस्कोत बांधून पाठवणारी पोरं होती, गठ्ठे बांधता बांधता गायची. त्यांचा १९७० ला सोल गाणारा गट झाला, नाव 'लुंपेन'. मार्क्सनं ज्यांना गाळ म्हटलं त्यांचंच नाव छातीवर लावलं. एक लहान तबकडी निघाली, बॉबी सील तुरुंगात होता त्याच्या सुटकेसाठी. गोदीत आम्हीही ओझं ओढताना गातो, म्हणून मला ही पोरं जवळची वाटतात. एलेन ब्राउनची १९६९ ची तबकडी मला पहिल्यांदा कंटाळवाणी वाटली, खोटं कशाला बोलू. नाटकातल्या पदांसारखी. तिसऱ्यांदा ऐकल्यावर पियानोखालची वाद्यं कानात शिरली. ती बसवली होती हॉरेस टॅपस्कॉटनं. हा माणूस लायोनेल हॅम्प्टनच्या नामांकित बँडमध्ये होता. फिरती, पैसा, नाव. ते सोडून लॉस एंजेलिसच्या आपल्या वस्तीत राहिला आणि तिथल्या पोरांना घेऊन बँड उभा केला. बागेत, शाळेत, चर्चमध्ये वाजवायचे. जगाला त्याच्या तबकड्या फारशा माहीत नाहीत. त्यालाही फिकीर नसावी.

मुंबईचं थोडक्यात सांगतो. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळा बँड ताजमहाल हॉटेलात आला. ऐकणारे साहेब, राजे, शेटजी. आपण त्या दाराच्या आत नव्हतो. पण गोव्याच्या पोरांनी ते उचललं. चर्चच्या शाळेत त्यांना नोटेशन शिकवलेलं. (गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांतही जात गेली नाही, ते प्रकरण वेगळं.) चिक चॉकलेट हा त्यांतला बाजेवाला, हळदोण्याचा, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. तो सी. रामचंद्रांचा सहायक झाला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते स्विंग आलं. पडद्यावर नाचला कोण? भगवानदादा. आपल्या शेजारच्या अमरावतीत जन्मलेला, गिरणी कामगाराचा पोरगा. ताजच्या दारातून जे आपल्याला मिळालं नाही ते परळच्या गल्लीतून मिळालं. तुमच्या वरातीत पोरं हात खाली सोडून जी ठुमकत जातात ती त्याचीच चाल. म्हणजे मामा, तुम्ही 'अलबेला'चं वाजवता तेव्हा न्यू ऑर्लिअन्सचा बाजा फिरून नेरात आलेला असतो, आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

काही जण म्हणतील, तुझा मामा अजून दुसऱ्यांच्या वरातीतच वाजवतो ना, नवरा घोड्यावर, हा पायी. हो. आणि हंगाम संपला की मजुरीला जातो. त्याचं काय करायचं यावर आपण भांडू. काळ्यांमध्येही हे भांडण होतं, गोऱ्यांच्या क्लबात वाजवावं की नाही. पण भांडताना ज्याच्या हातात बाजा आहे त्याला खोलीबाहेर ठेवू नका. आज त्याला इथं आणायला मला दोनदा घरी जावं लागलं. मी काय करू तिथं, म्हणत होता.

मी परवा सकाळच्या गाडीनं जाणार. उद्या रात्री जेवणं झाल्यावर मामाच्या अंगणात या. बँडवाल्यांचा मोठा भोंगा आहे, त्याला मोबाईल जोडतो. आधी मॅक्स रोच लावू, मग टॅपस्कॉट. शेजारी म्हातारी माणसं आहेत, तो किंचाळण्याचा तुकडा दहाच्या आत उरकावा लागेल. बसायला आपापलं पोतं आणा.