दार उघडणारे उंदीर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



कीर्तन, नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला उंदरांवरील व्याख्यान बसविण्याचे धाडस आपल्या कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे अभिनंदन करावयास हवे. निमंत्रण देण्यास आलेल्या चिटणीसांनी आम्हांस एवढेच विचारले होते, "विषय गणपतीच्या वाहनाचा आहे, असे पत्रिकेत छापले तर चालेल ना?" आम्ही नको म्हटले. आता समोर पाहताना वाटते, छापले असते तर पुढच्या दोन रांगाही भरल्या असत्या.

आमचा व्यवसाय थोडक्यात सांगतो. पीएच.डी. पदरात पडल्यानंतर स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या अनुदानावर आणि मुदतीच्या नेमणुकीवर जे काम करावे लागते, त्यास पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. परदेशात अशी काही वर्षे आम्ही काढली. आमच्या मातोश्रींना हे प्रकरण शेवटपर्यंत पटले नाही. "डॉक्टर झालास, तर मग अजून शिकतोस काय? आणि इतकी माणसे आजारी असताना उंदीर कशाला तपासतोस?" हा त्यांचा दर पत्रातला प्रश्न. उंदीर एकमेकांशी कसे वागतात आणि तसे वागताना त्यांच्या मेंदूत काय घडते, हे आम्ही पाहत होतो. मातोश्रींच्या मते ते आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर फुकट पाहता आले असते.

इंग्रजीत माऊस आणि रॅट असे दोन वेगळे प्राणी आहेत. आपण दोहोंनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. आज आम्ही मुख्यतः मोठ्या उंदराविषयी, म्हणजे रॅटविषयी बोलणार आहोत. हा प्राणी कळपाने राहणारा. एकमेकांना बिलगून झोपतो, एकमेकांची अंगे चाटून स्वच्छ करतो, पिले खोट्या कुस्त्या खेळतात. तो सोबत्याला ओळखतो ते मुख्यत्वे वासावरून. संकटात तो जी हाक देतो ती सेकंदास सुमारे २२ हजार कंपनांची असते, आणि मानवी कानाची मर्यादा २० हजारांची. म्हणजे प्रयोगशाळेत आक्रोश चालू असला तरी शेजारी उभ्या असलेल्या आम्हांस शांतताच ऐकू येते. यंत्र लावल्यावाचून तो कळत नाही. पहिल्या वेळी ते यंत्र लावले, त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही.

आता मुख्य प्रयोगाकडे येतो. तो आमचा नव्हे. शिकागो विद्यापीठात इनबाल बेन-अमी बार्टाल, जाँ डेसेटी आणि पेगी मेसन यांनी तो केला आणि २०११ च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका पिंजऱ्यात दोन आठवडे एकत्र राहिलेले दोन उंदीर घ्यावयाचे. त्यांपैकी एकास पारदर्शक, अरुंद नळीत कोंडावयाचे आणि नळी एका मोकळ्या चौकात ठेवावयाची. नळीचे दार फक्त बाहेरून उघडते. दुसऱ्या उंदरास चौकात मोकळे सोडावयाचे आणि रोज तासभर पाहत बसावयाचे. ते दार कसे उघडावे हे त्यास कोणी शिकविलेले नसते. तो नळीभोवती येरझारा घालतो, तिच्या फटींतून नाक घालतो, कडा कुरतडतो. काही दिवसांनी एकदा दार पडते आणि पडल्याच्या आवाजाने तो स्वतःच दचकतो. पुढे मात्र तो सराईत होतो. चौकात आला की थोड्याच वेळात दार उघडतो. ३० पैकी २३ उंदीर असे दार उघडावयास शिकले. नळी रिकामी असली किंवा तीत खेळण्यातला उंदीर असला, तर बहुतेकांनी तिची दखल घेतली नाही.

यापुढील भाग आम्हांस विशेष वाटतो. चौकात दुसरी एक नळी ठेवली आणि तीत चॉकलेटचे तुकडे टाकले. उंदराला चॉकलेट किती प्रिय आहे हे ज्याने त्यांना पाळले आहे त्यालाच ठाऊक. तरीही त्यांनी दोन्ही दारे उघडली, आणि सगळे तुकडे एकट्याने खाऊन टाकण्यास वाव असताना सुटलेल्या सोबत्यालाही त्यांतले काही मिळू दिले.

या प्रयोगाची वार्ता जगभर गेली. वर्तमानपत्रांनी उंदराला लगेच साधुपुरुष ठरविले. शास्त्रज्ञ मात्र इतक्या सहज विरघळत नाहीत. २०१४ मध्ये ॲलन सिल्बरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की यात करुणा कोठून आली? उंदराला सोबत हवी असते, दार उघडले की ती मिळते. एवढ्याने सर्व उलगडते. मूळ संशोधकांनी, सुटलेला उंदीर दुसऱ्याच चौकात जाईल अशी व्यवस्था करूनही पाहिले होते, आणि तरीही दार उघडले गेले होते. त्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे, की ती आधी जडलेली सवय. हा वाद ऐकताना आमच्या मनात नेहमी येते की, परक्या गावी बिऱ्हाड केलेल्या माणसाला हा फरक नीट करता येईल काय? स्टेशनवर नवख्या मराठी कुटुंबाला उतरवून घेण्यास जो जातो तो त्यांच्या अडचणीसाठी जातो, की मराठी बोलावयास कोणी मिळेल म्हणून जातो? आमच्यापुरते सांगावयाचे तर, आम्ही दोन्हीसाठी गेलो आहोत.

याच गटाने २०१४ मध्ये पुढील प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो मंडळाच्या व्यासपीठावरून सांगावा की नाही याचा आम्ही दोन दिवस विचार करीत होतो. प्रयोगशाळेत उंदरांच्या निरनिराळ्या जाती असतात. एक संपूर्ण पांढरी, दुसरीचे डोके आणि खांदे काळे. पांढरा उंदीर अनोळखी पांढऱ्यासाठी दार उघडतो; अनोळखी काळ्या डोक्याच्यासाठी उघडत नाही. येथपर्यंत कोणासही नवल वाटू नये. परंतु तोच पांढरा उंदीर एका काळ्या डोक्याच्या उंदरासोबत दोन आठवडे राहिला, की तो त्या जातीच्या अनोळखी उंदरांसाठीही दार उघडू लागतो. एका व्यक्तीच्या सहवासाने सगळी जात आपली होते.

आणि आता कठीण भाग. काही पांढरी पिले जन्माच्या दिवशीच काळ्या डोक्याच्या मातेच्या कुशीत दिली. ती तिचे दूध पिऊन, तिच्याच पिलांत वाढली. आपल्या जातीचा एकही प्राणी त्यांनी पाहिला नाही. मोठेपणी त्यांनी काळ्या डोक्याच्या अनोळखी उंदरांसाठी दारे उघडली. नळीत पांढरा, म्हणजे त्यांच्याच रक्ताचा उंदीर असता उघडली नाहीत.

आपल्यापैकी ज्यांची मुले या गावात जन्मली, येथल्या शाळेत, येथल्या भाषेत वाढली, त्यांच्या चेहऱ्यावर या क्षणी जे उमटले आहे ते आम्हांस येथून दिसते आहे. उंदरास आरसा नाही. त्याला आपला रंग ठाऊक नाही. आपण कोणाचे हे त्याला ज्यांच्यासोबत वाढलो त्यांच्या वासावरूनच कळते. त्याला आजी गोष्ट सांगत नाही, सुटीत कोणी कोकणात नेत नाही. म्हणून या प्रयोगावरून मुलांविषयी निष्कर्ष काढण्यास आम्ही तयार नाही, आणि कोणी काढू लागल्यास त्यास अडवू. तरीही प्रयोग खोटा आहे असे म्हणता येत नाही, आणि आम्हांस तो विसरताही आलेला नाही.

बार्टाल पुढे बर्कलीस पोस्ट-डॉक्टरल संशोधनासाठी गेल्या, आणि तेथे याच प्रयोगात मेंदू तपासला गेला. पेशी उद्दीपित झाली की थोड्या वेळाने तीत सी-फॉस नावाचे एक प्रथिन तयार होते. त्याचे रंगविलेले ठिपके मोजले की त्या तासात मेंदूचा कोणता भाग जागा होता हे समजते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे: दुसऱ्याच्या त्रासाची जाणीव ज्या भागांशी निगडित मानतात, ते भाग आपला कोंडलेला असो वा परका, दोन्ही वेळी जागे होतात. परंतु सुखाशी आणि ओढीशी संबंधित असा न्यूक्लियस अक्युंबन्स नावाचा जो भाग, तो आपल्यासाठीच विशेष चेततो. परक्याचे दुःख उंदरास कळत नाही असे दिसत नाही. कळते, पाय उचलला जात नाही. पुढच्याच वर्षी याच संशोधकांना असे आढळले की, वयात येऊ लागलेले उंदीर मात्र परक्यांसाठीही दार उघडतात.

एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. ते ठिपके जिवंत प्राण्यात मोजता येत नाहीत. प्रयोग संपताच प्राण्यास मारून त्याच्या मेंदूचे पातळ काप काढावे लागतात. आमच्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यावर देखरेख आहे, नीतिसमितीची संमती घ्यावी लागते, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी लागते. हे सर्व आम्ही काटेकोरपणे पाळले. परंतु कायदा पाळला म्हणून हात थरथरावयाचे थांबत नाहीत. सोबत्यासाठी धडपडलेला प्राणी आपण त्याच संध्याकाळी मारतो, हे आम्ही घरी कधी सांगितले नाही. मातोश्रींनी न विचारताही ओळखले असावे. एका सुटीत त्यांनी माळ्यावरचा सापळा काढून टाकला होता.

शेवटी एकांताविषयी. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जिलियन मॅथ्यूज पीएच.डी. करीत असताना मादक औषधांचा मेंदूवरील परिणाम पाहत होत्या. त्यासाठी लहान उंदीर २४ तास एकेकटे ठेवले होते. औषध न दिलेल्या, केवळ तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांतही मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातील डोपामिन पेशींचे जोड बळकट झालेले दिसले. औषध नव्हते, होता तो फक्त एक दिवसाचा एकटेपणा. आमच्यासारख्याने ती मोजणीतील चूक समजून कागद फाडला असता. एकदा सहा आठवड्यांच्या नोंदी आम्ही अशाच टाकून दिल्या आहेत, त्यांत काय होते देव जाणे. मॅथ्यूज यांनी तो धागा सोडला नाही. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये के टाय यांच्याकडे त्यांनी तो तडीस नेला, आणि २०१६ मध्ये तो 'सेल' या नियतकालिकात आला. या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने चेतविल्या की उंदीर इतरांकडे ओढीने जातो. मात्र ज्या जागी त्या चेतविल्या जातात ती जागा तो टाळतो. म्हणजे ती ओढ सुखाची नव्हे, बोच लागल्यासारखी. आणखी एक: कळपात ज्याचा मान मोठा, त्याच्यावर हा परिणाम अधिक.

परदेशातील आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही हे वाचले असते तर बरे झाले असते. त्या वर्षी दर शनिवारी तासभर बस करून आम्ही एका ओळखीच्या मराठी गृहस्थांकडे जात असू. कारण काय सांगावे म्हणून प्रत्येक वेळी त्यांच्याकडून एक पुस्तक आणावे आणि पुढच्या शनिवारी परत करावे. त्यांतील निम्मी आम्ही उघडलीही नाहीत. ते त्यांनी ओळखले होते, हे आम्हांस त्यांच्या पत्नीकडून निरोपाच्या दिवशी समजले.

वेळ झाल्याची खूण चिटणीस करीत आहेत, आणि आतून चहाचा वासही येऊ लागला आहे.  प्रश्न असतील तर चहाच्या टेबलाशी अवश्य विचारावेत.