वनराज भाटिया यांचा वाद्यवृंद



१९८८ च्या अखेरीस दूरदर्शनवर 'भारत एक खोज' ही मालिका सुरू झाली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर श्याम बेनेगल यांनी केलेली ही ५३ भागांची मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना तिच्यातले प्रसंग आज कदाचित आठवणार नाहीत, पण सुरुवातीचे सूर हमखास आठवतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त. काहीच नव्हते तेव्हा काय होते, असा प्रश्न विचारणारे. आधी संस्कृत पठण, मग वसंत देव यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद. पठणाची लय थेट आपल्या परंपरेतली. पण आवाजांची मांडणी पाहा. स्वरांचे थर एकावर एक चढत जातात आणि थोड्याच वेळात शेकडो माणसे एकाच वेळी आकाशाकडे पाहत आहेत असे वाटू लागते. ही मांडणी युरोपातल्या समूहगायनाची आहे. वेदांना ती परकी वाटत नाही, हे करणाऱ्याचे कसब.

ते संगीत वनराज भाटिया यांचे. त्यांचे नाव फारसे कुणाच्या ओठांवर नव्हते. सूर मात्र घराघरांत होते.

भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ चा, मुंबईचा. घर कच्छी व्यापाऱ्यांचे. न्यू एरा शाळेत शिकत असताना ते हिंदुस्तानी संगीताच्या शिक्षणासाठी देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयात जात. ऑपेरा हाउसजवळचे, कुमार गंधर्व जिथे घडले तेच हे विद्यालय. म्हणजे पुढे ज्यांच्यावर 'पाश्चात्त्य संगीतवाले' असा शिक्का बसला, त्यांच्या कानावर पहिले संस्कार मराठी गुरूच्या शाळेत झाले होते. पुढे किशोरवयात त्यांनी चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्टो ऐकला आणि मुलगा पियानोकडे ओढला गेला. डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे पियानो, एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए., आणि त्यानंतर लंडनची रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक. तिथून १९५४ मध्ये सुवर्णपदक घेऊन ते पॅरिसला गेले, नादिया बुलांजे यांच्याकडे.

या बाईंविषयी थोडे सांगायलाच हवे. विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या त्या सर्वांत मोठ्या शिक्षिका. अमेरिकेचे एरन कोपलंड त्यांचे शिष्य, क्विन्सी जोन्स त्यांचे शिष्य, फिलिप ग्लासही. अर्जेंटिनाचा टँगो नव्याने घडवणारे अ‍ॅस्टर पियाझोला १९५४ मध्येच त्यांच्याकडे आले होते. हे सगळे एकमेकांपेक्षा किती वेगळे! शिष्याचा आवाज त्याचाच ठेवायचा, पण हाताला शिस्त लावायची, अशी ही शिकवण. भाटिया तिथे पाच वर्षे राहिले. दोन-तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालवायच्या, प्रत्येकीला तिची वाट असू द्यायची आणि तरीही त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, ही काउंटरपॉइंटची विद्या त्यांनी तिथे मुरवून घेतली.

१९५९ मध्ये ते परतले, आणि खरा प्रश्न इथे सुरू झाला. असे शिकून आलेल्या माणसाने भारतात करायचे काय? सिंफनी लिहिली तर ती वाजवायला वाद्यवृंद हवा. आज मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तो स्थापन झाला २००६ मध्ये. भाटिया तेव्हा ऐंशीच्या घरात होते. तरुणपणी त्यांना हाताशी असा कायमचा वाद्यवृंद मिळाला नाही. १९६० ते १९६५ ते दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक होते. पण रचनाकाराची भूक शिकवून भागत नाही. त्याला आपले लिहिलेले ऐकावे लागते.

ते ऐकण्याची सोय त्यांना जाहिरातींनी करून दिली. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटापासून त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या जिंगल्सचा आकडा ७,००० वर गेला असे सांगितले जाते. गार्डन वरेली, ड्युलक्स, आणि अर्थात लिरिल. सत्तरच्या दशकातली ती धबधब्याखालची मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिच्यामागची सुरावट शब्दांवर जवळजवळ अवलंबूनच नाही. नुसत्या आलापवजा उच्चारांवर ती पळते, उसळते, आणि साबणाच्या नावावर येऊन थांबते. जाहिरातीत वेळ मोजकाच. त्यात वातावरण उभे करायचे, चाल डोक्यात बसवायची आणि मालाचे नाव सांगायचे. काही समीक्षक या कामाला पोटापाण्याचा उद्योग म्हणून बाजूला सारतात. ते बरोबर नाही. रोज नवे वादक, नवी वाद्ये, नवा प्रसंग, आणि संध्याकाळपर्यंत ध्वनिमुद्रण पूर्ण. पॅरिसच्या वर्गाइतकीच ही तालीमही त्यांना पुढे उपयोगी पडली.

वादकांची मुंबईत वाण नव्हतीच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकलेले व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे किती तरी कलाकार इथल्या चित्रपटसृष्टीचा कणा होते. संगीतकाराने चाल बांधायची आणि अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या अरेंजरने वाद्यमेळ लिहायचा, अशी सर्वसाधारण कामाची वाटणी होती. भाटियांना अशा वाटणीची गरज नव्हती. चाल त्यांची आणि प्रत्येक वाद्यापुढच्या कागदावरचे नोटेशनही त्यांचेच.

जाहिरातींच्या जगातच त्यांची बेनेगल यांच्याशी गाठ पडली. 'अंकुर' हा १९७४ चा चित्रपट, बेनेगल यांचा पहिला आणि भाटिया यांचाही. त्यानंतर 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी', 'त्रिकाल'... ही यादी लांबत जाते. 'मंथन'साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले होते. त्यातले प्रीती सागर यांनी गायिलेले गुजराती वळणाचे गीत इतके गाजले की पुढे अमूलने ते आपल्या जाहिरातीत वापरले. जिंगलकाराने सिनेमासाठी केलेले गाणे पुन्हा जाहिरातीत आले!

पण मला अधिक थांबावेसे वाटते ते 'भूमिका'पाशी. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला हा १९७७ चा चित्रपट. स्मिता पाटील यांनी साकारलेली नायिका लहानपणापासून सिनेमात काम करत मोठी होते, आणि तिच्याबरोबर सिनेमाही वयाने वाढतो. मग त्यातली गाणी त्या त्या काळाची वाटायला हवीत. जुन्या गाण्यांचे तुकडे वापरणे सोपे होते. भाटियांनी नवी गाणी लिहिली, पण प्रत्येकाला त्याच्या दशकाचा बाज दिला. सुरुवातीच्या काळातला मोजका वाद्यमेळ आणि खडा आवाज, पुढे हळूहळू भरत गेलेले व्हायोलिनचे ताफे, बदललेला ठेका. त्यातले एक गाणे गायला त्यांनी बोलावले फिरोज दस्तूर यांना. सवाई गंधर्वांचे हे शिष्य पुण्याच्या महोत्सवामुळे आपल्याला ठाऊक आहेत. पण दस्तूर स्वतः १९३३ च्या 'लाल-ए-यमन' या बोलपटात बालनट म्हणून गायिले होते. चित्रपटाला जो काळ उभा करायचा होता, त्याच काळाचा अस्सल गळा त्यांनी माइकपुढे आणला. ही निवड करायला इतिहास ठाऊक असावा लागतो आणि कानही लागतो.

आता त्यांच्यावरच्या शिक्क्याविषयी. १९८१ मध्ये अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन'ला त्यांनी संगीत दिले. कोलकात्यातल्या एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या घरात पाश्चात्त्य सूर साहजिकच शोभणार होते. 'त्रिकाल'मध्ये १९६१ चे गोवे, पोर्तुगिजांची सत्ता मावळत असताना, तिथेही तेच. पण १९९६ च्या 'सरदारी बेगम'मध्ये ठुमरी हवी होती. ती त्यांनी दिली, आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या गळ्यातून ती अशी उतरली की बुलांजेंच्या वर्गाचा मागमूसही लागू नये. विद्या जिथे नको तिथे ती दिसू न देणे फार थोड्यांना जमते.

आपल्याकडे संगीतकाराचे मोल गाण्यांवरून ठरते. पार्श्वसंगीताकडे कुणी लक्ष देत नाही. भाटिया यांचे मोठे काम मात्र तिथेच आहे. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों', सईद मिर्झांचा 'मोहन जोशी हाजिर हो', आणि व्यावसायिक सिनेमात 'दामिनी'ही. दूरदर्शनवर 'खानदान', कन्याकुमारीहून जम्मूकडे निघालेल्या हिमसागर एक्स्प्रेसमध्ये घडणारी 'यात्रा', सामान्य कारकुनाची 'वागले की दुनिया'. ऐंशीच्या दशकात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या कानावर त्यांचे काहीतरी पडत होतेच.

आणि 'तमस'. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली फाळणीची ही कथा जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. तिचे प्रक्षेपण थांबवण्यासाठी लोक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवू दिले. या मालिकेच्या शीर्षकाला सुरेल चाल नाही. माणसाच्या गळ्यातून फुटलेली एक हाक आहे, देवाला मारलेली, आणि ती मध्येच तुटल्यासारखी वाटते. गाणे म्हणून ती कुणी गुणगुणणार नाही. पण १९४७ च्या त्या महिन्यांना यापेक्षा नेमका स्वर दुसऱ्या कुणी दिल्याचे निदान मला तरी आठवत नाही. या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीचा सन्मान आला, आणि २०१२ मध्ये पद्मश्री.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. आजारपण आणि पैशांची चणचण यांच्या बातम्या २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा अनेक जण मदतीला धावले. ज्यांच्या सुरांवर इतकी वर्षे साबण, साड्या आणि रंग विकले गेले, त्यांना नव्वदीत अशी वेळ यावी, हे आपल्या सगळ्यांनाच खाली मान घालायला लावणारे आहे. त्याच वर्षी जानेवारीत जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' ही रचना वाजवली, ही त्यातली आनंदाची गोष्ट. ७ मे २०२१ रोजी भाटिया गेले. २०२४ मध्ये 'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, आणि प्रीती सागर यांचा तो आवाज पुन्हा मोठ्या पडद्यामागून ऐकू आला.

त्यांचे एक मोठे काम मात्र अजून आपल्यापर्यंत पुरेसे आलेले नाही. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावर त्यांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला. महाभारतातली यवक्रीताची कथा, यज्ञ, दुष्काळ आणि पाऊस. त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये सादर झाले ते न्यूयॉर्कमध्ये. आज मुंबईत वाद्यवृंद आहे, प्रेक्षागृह आहे, आणि असे गाणे शिकलेली तरुण मुलेही आहेत. नाटकवेड्या महाराष्ट्राने हा ऑपेरा त्याच्या सगळ्या अंकांसह मराठी माणसासमोर उभा करावा, अशी माझी मनापासून मागणी आहे. आणि तिकीट काढून तो पाहायला जाणाऱ्यांत आपण, श्रोतेहो, पहिल्या रांगेत असावे.