चंचल मुलांची मोजदाद



'आमचे पोर एका जागी बसत नाही' ही तक्रार कोणत्या घरात नाही? पावसाळाभर वर्गात कोंडलेली इगतपुरीची मुले चुळबुळ करणारच. आपल्या धम्मगिरीवर मोठी माणसे दहा दहा दिवस मौन धरून चित्त आवरायला येतात. मग सात वर्षांच्या पोराचे चित्त भटकले तर नवल ते काय!

पण काही मुलांची चंचलता निराळी असते. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले. आज या विकाराला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतात.

अशी मुले किती? जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ साली काढलेले प्रमाण शेकडा ५ च्या आसपास आहे. कोइमतूरच्या प्राथमिक शाळांत ते शेकडा ११ भरल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. अरब देशांतील पाहण्यांचा २००९ सालचा आढावा तर अधिक बोलका आहे. शाळांत प्रश्नावली भरून घेतली तेथे प्रमाण शेकडा ५ ते १५; पद्धतशीर मुलाखतीने निदान केले तेथे शेकडा १ हूनही कमी! मुलामुलांत एवढे अंतर कसे असेल? अंतर आहे ते मुख्यतः मापात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा परक्याचा आकडा आपल्या मुलांना चिकटवण्याची घाई आम्ही करणार नाही.

माप मात्र नीट समजून घेऊ. लक्षणे वयाच्या १२ व्या वर्षाआधीपासूनची हवीत, निदान ६ महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे मुलाचे शिक्षण वा मैत्री अडलेली हवी. केवळ गणिताच्या तासाला चुळबुळणाऱ्या मुलाचे आधी डोळे आणि कान तपासावेत; आपले शिकवणेही तपासावे. उलट, खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून मोजदादीतून सुटते. तिचे नुकसान कोण मोजणार?

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार आहे. त्याचे पथक शाळेत आले की शिक्षकांनी शंका बोलून दाखवावी, आईबापांनी लाज धरू नये. छडीने हा विकार जात नाही. पालकांना व शिक्षकांना योग्य मार्गदर्शन आणि गरज पडल्यास वैद्याच्या देखरेखीखाली औषध, एवढ्याने पुष्कळ मुले सावरतात.

शंभरांत पाच की अकरा, हा वाद विद्वान मिटवतील. आपल्या वर्गातले एक मूल 'द्वाड' ठरून वाया जाऊ नये, हे पाहणे मात्र तुमचे-आमचे काम आहे.