तारेभोवतीचे अदृश्य क्षेत्र



टेबलावरचा दिवा मालवलेला असला, तरी भिंतीतल्या तारेत विजेचा दाब असतोच, आणि दाब तेथे विद्युत् क्षेत्र. दिवा लागून प्रवाह वाहू लागला, की चुंबकीय क्षेत्राची त्यात भर पडते. प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये कोपनहेगनला दाखविले. पहिले क्षेत्र भिंती पुष्कळसे अडवितात. दुसरे भिंतींना जुमानत नाही, मात्र अंतराला जुमानते. केस वाळविण्याच्या यंत्राजवळ तीन सेंटिमीटरवर दोन हजार मायक्रोटेस्लांपर्यंत क्षेत्र आढळते. तीस सेंटिमीटरवर ते सातच्या आत येते.

या विषयाची धास्ती वाढली ती १९७९ पासून. वेर्थायमर आणि लीपर यांनी डेन्व्हर शहरातील विजेच्या तारांचा संबंध मुलांच्या कर्करोगाशी जोडला. पुढे २००० साली अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या. घरातील सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लांहून अधिक असेल, तेथे बालकांतील रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. अशी घरे थोडी, आणि कार्यकारणभाव अद्याप सिद्ध नाही. म्हणूनच २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' एवढेच म्हटले.

आता मर्यादेचे आकडे पाहावेत. पन्नास हर्ट्‌झच्या विजेसाठी २०१० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत सामान्य नागरिकाला २०० आणि कामगाराला १००० मायक्रोटेस्ला चालतात. हे आकडे मज्जातंतूंवरील तात्काळ परिणामांवरून ठरले आहेत. वर्षानुवर्षांच्या सहवासाचा प्रश्न त्यांत येतच नाही. मर्यादेच्या आत म्हणजे निर्धोक, असा अर्थ काढणे घाईचे होय.

आणि चर्चा होते ती बहुधा उच्चदाबाच्या तारांची. वेल्डिंग करणारा कारागीर मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही! दोनशे अँपिअर वाहणाऱ्या एकट्या केबलपासून दहा सेंटिमीटरवर सुमारे चारशे मायक्रोटेस्ला क्षेत्र असते, आणि ती केबल तो पुष्कळदा खांद्यावरच टाकतो. उपाय बिनखर्चाचा आहे. केबल अंगाभोवती गुंडाळू नये. जाणारी व परतीची अशा दोन्ही केबली एकत्र बांधून एकाच बाजूस ठेवाव्यात. उलट दिशांचे प्रवाह एकमेकांचे क्षेत्र बरेचसे खोडून काढतात. हृदयात पेसमेकर बसविलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज या कामाला हात लावू नये.