बंद दुकानांची रांग

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून मंदीचा अंमल सुरू झाला, त्यानंतर लगेच, १९३० साली, एडवर्ड हॉपर या चित्रकाराने त्याच शहराच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरील दुमजली इमारतींची जी रांग रंगविली, तीत दुकाने बंद, रस्ता निर्मनुष्य, आणि न्हाव्याच्या दुकानापुढील पट्टेदार खांब व आग विझविण्याचा ठेंगणा नळ एवढेच काय ते कोवळ्या उन्हात उभे आहेत. माडीवरच्या एका खिडकीत प्रथम एक मनुष्याकृती होती. ती हॉपरने पुढे रंगाखाली बुजविली, आणि चित्राचे सारे सामर्थ्य, माझ्या मते, या एका वजाबाकीत आहे. ‘अर्ली संडे मॉर्निंग’ या नावातील रविवारही, हॉपरच्याच सांगण्याप्रमाणे, दुसऱ्या कोणी मागाहून जोडलेला. चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या मालकीचे आहे.